तुती गळत होत्या तेव्हा

इंदूकाकूंशी माझी ओळख झाली ती त्यांना वेड लागलंय अशा समजुतीतून. सिंगापूरला बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्यांच्या मुलाचा फ्लॅट अगदी शेजारी. दोन्ही घरांची एकेक खिडकी बाहेरच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये उघडते, त्यामुळे कुणाकडे कशाची फोडणी पडली आणि कुणाचं कुणाशी वाजलं हे न विचारता कळतं. त्या दुपारी मी घरून काम करत होते, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून पेंगत होते. खाली झाडात कोकीळ जीव खाऊन ओरडत होता, पंखा फिरत होता, आणि शेजारच्या खिडकीतून एक म्हातारा, स्वच्छ, मास्तरीणबाईंचा आवाज इंग्रजीत सांगत होता, "मी अकरा रात्री चालले. माझ्या हातात भावाच्या सदऱ्याचं टोक होतं. नंतर ते नव्हतं."

मला वाटलं, डोळा लागला असेल, त्यात ऐकलं. पण दोन दिवसांनी तीन वाजता पुन्हा तोच आवाज. "मला पोहता येत नाही. तरी मी होडीत बसले." जालन्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली, गुडघे धरत लिफ्टपर्यंत जाणारी ही बाई कुठल्या होडीत बसली होती? मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला म्हटलं, शेजारच्या आजी बऱ्या आहेत का, जरा बघून ये. ती जाऊन आली आणि बूट काढत इथल्या पोरांच्या ठसक्यात म्हणाली, "शी इज वर्किंग लाह. डोन्ट डिस्टर्ब."

संध्याकाळी थालीपीठं घेऊन मी गेलेच. पुणेरी माणसाला चौकशी करायची तर ताटली लागते. विषय काढल्यावर काकूंचा चेहरा एकदम उतरला. "तुला ऐकू गेलं? ते माझं नव्हतं, लेकरा. दुसऱ्याचं होतं. ऐकलंच नाहीस असं समज." दुसऱ्या दिवसापासून तीन वाजले की त्यांची खिडकी बंद व्हायला लागली. एसीची घरघर माइकमध्ये जाते म्हणून तोही बंद. सिंगापूरच्या दुपारी बंद खोलीत बसायचं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल.

पुढे हेडफोन चालेना तेव्हा त्यांनी मला बोलावलं, आणि हळूहळू काम काय ते कळलं. युरोपातल्या एका देशात एक छोटी संस्था आहे. आईबापांशिवाय, एकेकटी सरहद्दी ओलांडून येणारी मुलं तिथे आसरा मागतात. आसरा मिळायच्या आधी सरकारी अधिकारी त्यांची मुलाखत घेतात, आणि त्या मुलाखतीला मूल एकटं पडू नये म्हणून ही संस्था त्याची तयारी करून घेते, हकिगत लिहून घेते, शेजारी बसते. अफगाणिस्तानातून निघालेली बरीच मुलं काही वर्षं पाकिस्तानात काढतात, तिथे उर्दू शिकतात. काकूंचे वडील निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं वाचणारे कारकून. त्यांनी लेकीला गणिताआधी उर्दू शिकवली होती. मुलाने आईला इथे आणून ठेवल्यावर ती उर्दू अशी कामाला आली. तिकडे सकाळ उजाडली की आमचे तीन वाजायचे. मूल उर्दूत बोलायचं, काकू ते इंग्रजीत सांगायच्या. मोबदला काही नाही.

या कामाची रीत अशी, की मूल 'मी' म्हणालं तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो', 'ती सांगते' असं मध्ये आणायचं नाही. रडत सांगितलेलं रडून सांगायचं नाही आणि अर्धवट सांगितलेलं पुरं करायचं नाही. काकू म्हणायच्या, "आपण नळ. नळाने पाण्याला चव लावू नये." मी विचारलं, "पण अधिकाऱ्याला समजावं म्हणून थोडं नीट करून सांगितलं तर काय बिघडलं?" त्यांनी माझ्याकडे, गणितात उत्तर बरोबर आणि रीत चूक लिहिलेल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. "अगं, साहेब तीच गोष्ट तीनदा विचारतो. मी आज नीट केलं, की उद्या मूल आपलं वाकडंतिकडंच सांगणार. मग खोटं कोण ठरतं? मी की ते?"

काम संपलं की त्या खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाशी मोकळ्या सोडलेल्या जागेत, जाऊन बसायच्या. खांबांच्या मधून वारा यायचा, दगडी टेबलाशी दोन चिनी आजोबा सोंगट्या खेळायचे, पाऊस असला तर चारी बाजूंनी पडदा धरल्यासारखा पडायचा. एकदा मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, चहा टाकलाय, येता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्याचं काही दिसेना. मग हळूच म्हणाल्या, "थांब गं जरा. अजून पोचले नाही मी." मी शेजारी बसून राहिले. त्या कुठून येत होत्या कोण जाणे. वाळवंटातून, नाहीतर कुठल्याशा ट्रकच्या तळातून. दहा मिनिटांनी त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "आल्याचा आहे का?" म्हणजे पोचल्या.

मला अशा वेळी त्यांच्याविषयी इतकी माया वाटायची, की हातातलं काम बुडलं तरी चालेल असं व्हायचं. मुलांची नावं त्यांनी मला कधी सांगितली नाहीत. काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि जिच्यासाठी हे लिहायला बसले त्या मुलीचंही नाव मला ठाऊक नाही. तिच्याबद्दल कळलं तेही काकूंना माझी गरज पडली म्हणून.

मार्च महिना होता. दुपारी चारलाच त्या माझ्या दारात उभ्या. घाम नव्हे, डोळे पुसत होत्या. "माझ्या हातून एका पोरीचं वाटोळं होतंय," म्हणाल्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

झालं होतं ते असं. जानेवारीत या मुलीची हकिगत लिहून घेताना संस्थेच्या हेलेनाने तिला जन्मतारीख विचारली. मुलीला साल माहीत होतं, दिवस नव्हता. ती म्हणाली, "अम्मी सांगायची, तू झालीस तेव्हा तुती गळत होत्या." काकूंनी इंग्रजीत सांगितलं, "एक जून."

मला आधी हसूच आलं. आपल्याकडे कुणालाही विचारा. माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जून, त्यांच्या दोन्ही भावांचा एक जून. शाळेत नाव घालताना आई म्हणायची, 'थंडीत झाला' किंवा 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', आणि हेडमास्तर मान वर न करता एक जून लिहून मोकळे व्हायचे. काकूंच्या पासपोर्टवर एक जून. इथल्या व्हिजिट पासवर एक जून. शाळेत असताना त्यांनी स्वतः शेकडो पोरांच्या नावापुढे तीच तारीख घातली असेल. "माझ्या तोंडातून गेलं गं," त्या म्हणाल्या. "तुती मे-जूनमध्येच गळतात. मला वाटलं, बिचारीला तारीख नाही म्हणून साहेबाने हिणवायला नको." नियमाप्रमाणे शेवटी सगळी हकिगत काकूंनी तिला उर्दूत वाचून दाखवली. एक जून आल्यावर मुलगी जराशी थांबली होती. मग तिने सही केली.

पण सरहद्दीवर ती पहिल्यांदा सापडली तेव्हा तिथल्या पोलिसांनीही तारीख नाही म्हणून आपल्या मनाने लिहून टाकली होती. त्यांची रीत एक जानेवारीची. साल तेच. त्या हिशेबाने मुलगी दोन महिन्यांपूर्वीच अठरा पूर्ण होऊन सज्ञान झालेली. मुलाखतीत अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, 'लहान राहता यावं म्हणून तू तारीख बदललीस. एवढं खोटं बोलतेस तर बाकीचं खरं कशावरून?' आता तिची शाळा सुटणार, मुलींचं घर सुटणार, अनोळखी मोठ्या माणसांच्या छावणीत रवानगी होणार. आणि तिच्या सगळ्या हकिगतीवर, त्या सदऱ्याच्या टोकासकट, कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. पहिल्या दुपारी काकूंच्या आवाजात मी ऐकलेले ते शब्द तिचेच होते.

हेलेना काकूंना दोष देत नव्हती, कारण तिला खरं काय ते माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, टाइप करताना चूक झाली असेल. तसं लिहून देते म्हणाली. मीही तेच म्हटलं. अगदी ऑफिसच्या सुरात म्हटलं, "काकू, क्लेरिकल एरर म्हणा आणि सोडून द्या. तुम्ही कबूल केलंत तर तुमचं नाव कटेल. बाकीच्या मुलांचं कोण बघणार?"

"म्हणजे तिच्या कागदात आणखी एक खोटं घालू? तेही माझंच?" काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तिने तारीख सांगितलीच नाही गं. तिने तुती सांगितल्या. तिच्याजवळ तेवढंच होतं, आईचं दिलेलं, आणि मी ते खोडून तिथे माझ्या हेडमास्तरची तारीख लिहिली. तू इंग्रजी चांगलं लिहितेस. लिही."

मी लिहिलं. काकू मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत उतरवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एकही शब्द आपल्या पदरचा घातला नाही. 'ही तारीख मुलीची नाही. माझी आहे.' सोबत पासपोर्टची प्रत जोडली. दोन आठवड्यांनी अधिकाऱ्याने काकूंना व्हिडिओवर बोलावलं. त्या दिवशी त्यांनी खिडकी उघडी ठेवली, मला कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसायला सांगितलं. अर्धा तास त्या बोलल्या. आजवर ऐकलं होतं त्यात पहिल्यांदाच काकूंचा 'मी' हा काकूंचा स्वतःचा होता, आणि तो किती बारीक, घाबरलेला निघाला.

संस्थेने आभार मानून त्यांचं नाव यादीतून काढलं. मुलीशी पुन्हा बोलायचं नाही हेही कळवलं. नियम म्हणजे नियम, काकूंना तो पटला. दुपारी तीन वाजता त्या आता झोपायचा प्रयत्न करायच्या आणि झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे यायच्या. एका रविवारी आम्ही त्यांना ईस्ट कोस्टला नेलं. समुद्रात नांगर टाकलेली जहाजं धुक्यात उभी होती, सायकलीवरची पोरं ओरडत जात होती. काकू वाळूत पाय घालून बसल्या आणि म्हणाल्या, "निकाल काहीही लागू दे, तिला वाटायला नको, की आपण खोटं बोललो."

हेलेनाची मेल आली ती माझ्या पत्त्यावर, कारण पत्र माझ्याकडून गेलं होतं. मी धावतच शेजारी गेले. मुलीचं म्हणणं ग्राह्य धरलं होतं. तुती जूनअखेर गळतात म्हणून तोवर ती लहान, शाळा तीच, घर तेच, आणि हकिगतीवर विश्वास ठेवून आसराही मंजूर. मी काकूंना मिठी मारली. त्या हसत होत्या, रडत होत्या, देवापुढे साखर ठेवायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "थांबा, खाली अजून आहे." हेलेनाने लिहिलं होतं, की काकूंच्या पत्रानंतर मुलीला पुन्हा बोलावलं होतं; तेव्हाचं एक उत्तर काकूंपर्यंत पोचवू का असं हेलेनाने तिला विचारलं आणि ती हो म्हणाली.

अधिकाऱ्याने विचारलं होतं, ती तारीख तू सांगितली नव्हतीस, तर वाचून दाखवली तेव्हा बोलली का नाहीस?

मुलगी म्हणाली होती, "त्या बाई इतक्या खात्रीने म्हणाल्या. मला वाटलं, अम्मी अजून कुठेतरी आहे, आणि तिनेच त्यांना सांगितलं असेल."

काकूंच्या हातात साखरेची वाटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. खाली शाळेची बस थांबली, मुलं उतरली, बस गेली.

"म्हणजे अम्मीने नव्हतं सांगितलं," काकू म्हणाल्या, "हे तिला माझ्या पत्रातून कळलं."