बडबडीचे हात

दुभाषीबाई तोंडाने बोलायला शिकल्या, त्याच सुमारास हातांनीही बोलायला शिकल्या, कारण त्यांचा दादा जन्मापासून बहिरा. खुणांच्या भाषेत त्यांचं नावही दादानेच ठेवलं: बोटांची चोच करून गालापाशी भराभर उघडमीट करायची. म्हणजे बडबडी! पुढे तोच त्यांचा पेशा झाला. कोर्टात, दवाखान्यात, बँकेत, जिथे कुणा कर्णबधिर माणसाचं काम अडेल तिथे बाई हजर. कानावर पडेल ते हातांनी सांगायचं. तीस वर्षं हेच.

छप्पन्नाव्या वर्षी हात कुरकुरू लागले. सकाळी मूठ वळेना, अंगठा तर हटूनच बसे. एकदा चहा पिता पिता दादाने त्यांना मध्येच थांबवलं.

“हल्ली फार बोबडं बोलतेस,” त्याने खुणेने सांगितलं. “भाचीचं लग्न ठरलंय, की भाचीला कुलूप लावलंय?”

बाई हसल्या खऱ्या, पण मनाला लागलं.

नेमका त्याच आठवड्यात नाट्यगृहातून फोन आला. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी खास प्रयोग ठरला होता. दोन तासांचं नाटक, आठ पात्रं, आणि रंगमंचाच्या कडेला उभं राहून आठही जणांचं बोलणं एकटीने सांगायचं. शहरात असं आजवर झालंच नव्हतं. बाई हरखून हो म्हणाल्या, फोन ठेवला आणि मग हातांकडे पाहिलं. हाताशी सहा आठवडे होते.

डॉक्टर म्हणाले, सांधे झिजू लागलेत, व्यायाम शिकून घ्या. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट बाईंच्या लेकीच्या वयाची, पण जरब हेडबाईंची. आधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात. मग बोटं ताठ, मग नुसती पेरं वाकवून हुकासारखी, मग पुरी मूठ. अंगठ्याने एकेका बोटाच्या टोकाला शिवायचं. पाची बोटांभोवती रबर अडकवून ती फाकवायची. तळवे छातीशी जोडून हात सावकाश खाली न्यायचे.

बाईंना कुठला धीर! घरी येऊन त्यांनी स्पंजचा चेंडू तासभर पिळून काढला. दुसऱ्या दिवशी पंजा टम्म सुजला.

“काकू, ही कुस्ती नाहीये,” ती पोरगी कडाडली. “ताण जाणवू दे, पण दुखलं की थांबायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. अकराव्यांदा दाबलात तर चेंडू जप्त!”

मग मात्र बाई नेटाने लागल्या. बसस्टॉपवर रबर फाकवताना लोक वळून बघत, बघेनात का! चौथ्या आठवड्यात मधाच्या बाटलीचं घट्ट झाकण एका झटक्यात उघडलं. बाई ओरडल्याच, आणि दादाला कळावं म्हणून टेबलावर अशी थाप मारली की कपबशा नाचल्या.

प्रयोगाला नाट्यगृह खचाखच भरलं. नाटक होतं हट्टी बाप आणि त्याहून हट्टी लेकीचं. पहिल्या विनोदाला सगळं सभागृह एकदम हसलं, आणि शांत प्रेक्षकांच्या धास्तीने अवघडलेल्या नटांना हुरूप चढला. बाईंचे हात नुसते भरारत होते. पण मध्यंतराला दोन मिनिटं उरली असताना उजव्या अंगठ्यात पेटका आला. कसंबसं निभावून त्या आत धावल्या.

“कोमट पाणी! लवकर!”

रंगभूषाकारांनी किटलीतलं पाणी बादलीत ओतून पुढे केलं. बाईंनी हात बुडवले, बोटं सावकाश ताणली, अंगठा हळूहळू सोडवला. तिसरी घंटा झाली तेव्हा तो पुन्हा करंगळीला शिवत होता.

दुसऱ्या अंकात आठही पात्रं एकाच वेळी भांडतात. बाई क्षणात बाप झाल्या, क्षणात लेक, क्षणात चोंबडा शेजारी! दादा पहिल्या रांगेत खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता. पडदा पडला आणि शेकडो हात वर उंचावून थरथरू लागले. टाळ्यांची अशी तऱ्हा नटांनी कधी पाहिली नव्हती. क्षणभर ते गोंधळले, मग त्यांनीही हात उंचावले.

बाई घामाने निथळत पायऱ्या उतरत होत्या, तोच एका म्हाताऱ्या सुताराने त्यांची वाट अडवली. जन्मात पहिल्यांदाच नाटक बघत होता तो.

“बाप आणि लेक पुढे बोलतात का एकमेकांशी?” त्याने खुणेने विचारलं. “मला घरी जाऊन बायकोला सांगायचंय.”

“ते लेखकालाच माहीत. आज आलेत ते, आत असतील.”

“मग चल, विचारू!”

बाईंनी त्याचा हात धरला आणि दोघं लगबगीने लेखकाला शोधायला निघाले.