अपठित उतारा आणि शाळेचा हक्क

माझी थोरली बहीण भाईंदर पूर्वेला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीला मराठी शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. ती अडतात ती अपठित उताऱ्यात, म्हणजे आधी कधीही न पाहिलेला मजकूर वाचून उत्तरं लिहिण्यात. यावर सराव हाच उपाय. म्हणून ताई रविवारी आमच्याकडच्या पुरवण्या कापायची आणि सोमवारी त्यांच्या झेरॉक्स वर्गात वाटायची. मी वर्तमानपत्रात काम करतो. माझा लेख तिने कधी कापला नाही. "मुलांना मराठी यायला हवी ना," हे तिचं कारण.

यंदा सहामाहीच्या आधी शाळेचे विश्वस्त कॉपीराइटवरच्या एका चर्चासत्राला जाऊन आले. त्यांनी शिक्षकांना सभागृहात बोलावलं. बाहेरच्या मजकुराची एकही झेरॉक्स वर्गात दिसता कामा नये, असं सांगितलं. तिथे शिक्षकदिनाच्या नाचांची तालीम चालू होती, त्यामुळे सिनेमाची गाणी तेवढ्यापुरती बंद ठेवण्यात आली. विश्वस्तांच्या मागच्या भिंतीवर परदेशी कार्टूनमधले प्राणी रंगवलेले आहेत.

"तू पेपरवाला ना? कायदा काय म्हणतो बघ," ताई म्हणाली.

बघितलं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने मजकुराची प्रत काढली, तर तो हक्कभंग नाही. ताईने ते कलम विश्वस्तांना दाखवलं.

"मॅडम, कायदा अपनी जगह है," ते म्हणाले. "पण रिस्क कशाला? तुम्हीच लिहा ना काहीतरी. ओरिजिनल."

ताईने लिहिलं. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांचं तरुणपण मिठागरात गेलं. खाडीचं पाणी वाफ्यांत कसं घेतात, उन्हाने ते कसं आटतं, मीठ ओढून ढीग कसे लावतात, हे त्यांच्याकडून ऐकून तिने पानभर उतारा तयार केला.

विश्वस्तांना तो आवडला. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर मालकाचा, हे कलम त्यांच्या चर्चासत्रातून बरोबर लक्षात राहिलं होतं. कार्यालयाने उतारा टाइप केला, खाली 'सर्व हक्क शाळेकडे, परवानगीशिवाय प्रत काढू नये' असं छापलं आणि मजकुरावर मधोमध शाळेचं भलंमोठं बोधचिन्ह टाकलं.

ताई प्रती मागायला गेली.

"परमिशन लागेल," क्लार्क म्हणाला.

"लिहिलाय कोणी?"

"तुम्हीच, मॅडम. म्हणून तर एवढ्या प्रेमाने सांगतोय."

परवानगी देणारे विश्वस्त गावाला गेले होते आणि परीक्षा तोंडावर आली होती. ताईला उतारा पाठ होता. तिने तो श्रुतलेखन म्हणून वर्गात घातला. मुलांनी वहीत उतरवला, पुन्हा पुन्हा वाचला, प्रश्न सोडवले.

"ही कॉपी नाही होत?" मी विचारलं.

"श्रुतलेखनाला आजवर कोणी हरकत घेतलीय का?"

परीक्षेचा पेपर दोन्ही शाळांसाठी संस्थेच्या मीरा रोडच्या शाखेत निघतो. बाहेरचा मजकूर त्यांनाही बंद होता. संस्थेच्या मालकीचा मराठी उतारा एकच होता, तोच त्यांनी घातला. छपाईत बोधचिन्ह इतकं गडद उमटलं की मधल्या ओळी दिसेनात. मीरा रोडची मुलं पर्यवेक्षकांना हाका मारत राहिली. ताईच्या मुलांनी कोणालाही हाक मारली नाही. त्यांना त्या ओळी पाठ होत्या.

ताईचा सगळा वर्ग पास झाला. "देखा?" विश्वस्त शिक्षकांच्या सभेत म्हणाले. "ओरिजिनलचा हा फायदा."

मी ताईचं अभिनंदन केलं.

"कसलं अभिनंदन? त्यांना वाचता येतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. वार्षिकला काय करतील ती?"

पुढच्या रविवारी तिने पुन्हा कात्री मागितली. श्रुतलेखनासाठी नवा मजकूर हवा होता. या वेळी तिने माझा लेख काढला.

"तुझी परवानगी आहे ना?"

"हक्क वर्तमानपत्राचे आहेत."

"अरेरे, म्हणजे तूही आमच्यातलाच," ती म्हणाली आणि कापत राहिली.