एकाच रंगाच्या दोन विहिरी

साखरा गावातल्या विहिरींचं पाणी किती खोल आहे, हे मी वजन बांधलेली टेप आत सोडून मोजत फिरलो. दोन विहिरींच्या मधल्या जमिनीत काय असेल, याचा अंदाज लॅपटॉपवरचं फुकटचं नकाशाचं सॉफ्टवेअर बांधतं. त्या रीतीला क्रिगिंग म्हणतात. जवळजवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात, या भरवशावर ती चालते. ज्यानं हे शोधलं त्याला भावकी नसावी.

पाण्याच्या खोलीनुसार रंगवलेला नकाशा मी पारावर अंथरला, तेव्हा दोन सख्खे भाऊही बघायला आले. एकाच बांधाला लागून दोघांची वावरं, दोघांच्या विहिरी, आणि आपसातलं बोलणं कधीचं बंद. नकाशात मात्र दोन्ही विहिरींवरून एकच निळा रंग सलग पसरलेला.

"माझ्या पाण्याचा अन् त्याच्या पाण्याचा रंग एक काहून?" थोरल्यानं मला विचारलं.

"टेपवर आकडा सारखाच आला, दादा."

धाकटा थोरल्याकडे न बघता म्हणाला, "सर, त्याह्यला सांगा, मलाबी हे पटलं न्हाई."

दोघांचं एकमत झालेलं गावानं कैक वर्षांनी पाहिलं.

मी पेन काढला आणि विहिरींच्या मधोमध बांधाची रेघ मारली.

"आता बराबर," थोरला म्हणाला. धाकट्यानंही मान हलवली.

तो नकाशा अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. उन्हानं निळा रंग उडत चाललाय. रेघेवरून मात्र कुणी ना कुणी पेन फिरवून जातं.