खडूच्या रेषेतलं घर

निवृत्तीनंतर गाडीमागे ओढत न्यायचं, दोघांना झोपण्यापुरतं चाकांवरचं घर स्वतः बांधायचं, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलंय. आज खिडकीतून पाहिलं, तर पार्किंगच्या फरशीवर त्या घराचा थेंबासारखा आकार खडूनं काढून हे आत डोळे मिटून पडलेले. पाय दक्षिणेला. मी खिडकीतूनच ओरडले.

“अहो, उठा आधी! असं माणसाला कधी निजवतात, ठाऊक आहे ना?”

“अगं, माप घेतोय. चाकांवरच्या घराला कसली आलीय दिशा?”

खरंच, ते घर तर प्रत्येक वळणाला फिरणार. दक्षिण कुठवर चुकवायची? आणि चुकवून ती चुकते का? तरी त्यांना तिथं एकटं पडलेलं बघवेना. खाली गेले आणि त्यांच्या शेजारी तशीच आडवी झाले.

जागा दोघांना पुरली.