कंसातले आधी

शाळेत तीस वर्षे गणित शिकवताना मी एक नियम कधी सैल होऊ दिला नाही: कंसातले आधी सोडवावे. निवृत्तीनंतर मुरूडच्या एका मच्छीमार सोसायटीत बोटींच्या नोंदी पाहू लागलो, तेव्हा हा नियम न जुमानणारा एक महाभाग भेटला. त्याला ऑप्टिमायझर म्हणतात. आपण डेटाबेसला प्रश्न विचारतो. हा मधला शहाणा तो स्वतःच्या सोयीने फिरवून लिहितो आणि मगच सोडवायला घेतो. वर्गात असल्या विद्यार्थ्याला मी बाकावर उभे केले असते.

त्या सकाळी वादळाचा इशारा आला. वीस वाव, म्हणजे एकशेवीस फुटांहून खोल पाण्यात गेलेल्या बोटींची यादी वायरलेसवाल्याला तातडीने हवी होती, त्यांना माघारी बोलावण्यासाठी. बोट सुटताना तिचा प्रमुख, म्हणजे तांडेल, किती वावांवर जाणार ते सांगतो आणि तसे नोंदले जाते. काही तांडेल आकडा न सांगता 'किल्ल्यामागे' असे काहीतरी सांगतात. म्हणून माझा प्रश्न दोन पायऱ्यांचा होता. कंसात: फक्त आकड्यांच्या नोंदी निवड. कंसाबाहेर: त्यांतील वीसच्या वरच्या दे. ऑप्टिमायझरने कंस काढून दोन्ही पायऱ्या एकत्र केल्या आणि तो शब्दांचाच आकडा करायला गेला. अर्थात अडकला. पडद्यावर तक्रार आली: 'रोजच्या जागी' ही संख्या नाही. हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. मी तक्रार पुसली, कंस नीट तपासून पुन्हा विचारले. पुन्हा तेच.

काउंटरपाशी एका तांडेलाची बायको मासळीची पाटी खाली ठेवून उभी होती.

"मास्तर, यादी निघते का न्हाय?"

"प्रश्न बरोबर आहे, बाई. हा ऐकत नाही."

"मंग माज्या घरवाल्यासारका हाय. सांगायचं येक, करनार दुसरं."

शेवटी मी कंसात एक निरर्थक आज्ञा जोडली: सुरुवातीच्या शून्य ओळी वगळ. शून्य ओळी वगळणे म्हणजे काहीच न करणे. पण अशी आज्ञा दिसली की या विद्वानाला कंस मोडण्याचे धैर्य होत नाही. अर्थ असलेल्या कंसाला किंमत नाही, निरर्थक शून्यापुढे मात्र मान तुकवायची! असले अधिकारी मी कचेऱ्यांतही पाहिले आहेत. यादी क्षणात आली. मी ती वाचून दाखवली.

"यात आमची बोट न्हाय," ती म्हणाली.

"मग जवळच असेल."

"जवल? तीस वावात असतो तो. कुटं जातो इचारलं, तर बोलतो, रोजच्या जागी."

सकाळभर तक्रारीत तीच नोंद माझ्यासमोर येत होती आणि मी ती तक्रार पुसत होतो. माझ्या कंसाने सांगितले तेच केले होते: शब्दांत नोंदलेली प्रत्येक बोट गाळली होती. तेवढ्या नोंदी मी हाताने कागदावर उतरवल्या, तिच्या नवऱ्याची सर्वांत वर, आणि आम्ही दोघे वायरलेसच्या खोलीत गेलो. तिसऱ्या हाकेला उत्तर मिळाले. जाळे ओढून घेतो, मग निघतो, असे तांडेल सांगत होता. बाईने माईक ओढून घेतला.

"जालं काप नि ये."

खरखरीतून पलीकडून एवढेच आले, "कापलं."