एका दिवसाचा खंड

माझी ताई सरकारी शाळेत चौथीला शिकवते. भिंतीपलीकडे पाचवीचे मास्तर. दोघं एकाच दिवशी रुजू झाले, दोघांची पदवी एकच, उलट ताईकडे पोरं चार जास्त. तरी मास्तरांचा पगार तिच्या दुपटीहून वर! का, तर मास्तर पहिल्या दिवसापासून कायम आणि ताई हंगामी. पगार काही शिकवण्यावर ठरत नाही हो, सलग सेवेवर ठरतो. आणि ती सलग होऊच नये म्हणून खात्यातल्या लोकांनी शक्कल काढली. दर वर्षी ऑगस्टात ताईला एक दिवस नोकरीवरून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं. हजेरीपटावर त्या दिवशी लाल रेघ. म्हणजे दर वर्षी ताई नवीकोरी.

बरं, त्या दिवशी वर्ग कोण घेणार? मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, तेवढं सांभाळून घ्या." आणि आमची गरीब गाय जायची! मी ओरडले की म्हणायची, "पोरांनी माझं काय घोडं मारलंय?"

अकरा वर्षं हेच चाललं. यंदा पत्र निघालं, हंगामी शिक्षकांची सलग वर्षं मोजून त्यांना कायम करणार, पगारही त्याच हिशेबाने. ताईने जुन्या विद्यार्थ्यांची घरं पालथी घातली आणि लाल रेघेच्या दिवसांच्या वह्या गोळा केल्या. अकरापैकी नऊ वर्षांच्या सापडल्या. प्रत्येकीत शुद्धलेखनाखाली ताईची सही आणि नेमकी ती तारीख.

शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे आम्ही त्या मांडल्या. त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही नोकरीत नव्हता. मग वर्गात शिरलात कुणाच्या परवानगीने?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! मी तोंड उघडणार तोच ताईने माझा हात दाबला. अर्जावर शेरा पडला, 'अमान्य'. वह्याही त्यांनी ठेवून घेतल्या.

परवा यंदाचा तो दिवस आला. ताई पहिल्यांदाच घरी राहिली. अकरा वाजता मुख्याध्यापकांचा फोन.

"बाई, लवकर या! तेच साहेब तपासणीला आलेत. चौथीत नुसता गोंधळ चाललाय. वर्गशिक्षिका कुठे म्हणून विचारतायत."

"त्यांना सांगा, ती आज नोकरीत नाही. परवानगीशिवाय वर्गात कशी शिरेल?"

"अहो, निदान माणुसकी म्हणून..."

"माणुसकीच्या नऊ वह्या साहेबांकडेच आहेत, सर. चाळून बघा म्हणावं."

तिने फोन ठेवला. मी टाळी वाजवणार होते, पण तिचा चेहरा बघून हात मागे घेतले.

आदल्या दिवशी तपासायला घरी आणलेला वह्यांचा गठ्ठा तिने पुढ्यात ओढला. संध्याकाळपर्यंत एकेक काना, एकेक वेलांटी सुधारत बसली. प्रत्येक वहीत सही केली. तारीख मात्र एकाही वहीत घातली नाही.