आत्मा, फुंकर आणि पक्षकार

माझ्या थोरल्या मुलीची जमत आलेली सोयरीक एका इंग्रजी तबकडीपायी मोडण्याच्या बेतात आली होती, आणि त्या तबकडीचा मराठीत अर्थ लावणारा इसम मीच होतो.

मी व्यवसायाने अर्जनवीस. वडगावच्या कचेरीबाहेर माझी बैठक, राहणे लोणावळ्यास. माझे शिक्षण इंग्रजी दुसरीत थांबले (ते थांबले, मी पुढे गेलो!), तथापि कचेरीत चालणारा एकूण एक इंग्रजी शब्द मला अवगत आहे. तालुक्यातील निम्मी भांडणे माझ्याच अक्षरात लढली गेली, हे मी अभिमानाने नव्हे, केवळ माहितीस्तव नमूद करतो.

तर सुदुंबऱ्याची मंडळी रविवारी दुपारी सुपारी फोडायला येणार होती. मुलगा दत्तू, कारखान्यात फिटर. वडील गेनूआबा, गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. त्यांच्या घरात शेवटचा शब्द आबांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे सोनाआत्यांचा. मुलगी सुमन सर्वांना पसंत होती. घर मात्र अजून पाहायचे होते. "मानसं धार्मिक हायती का, तेवडं डोळ्यांनी बगू," असा आत्यांचा निरोप आला होता. सुपारी फुटायची ती या एका मुद्द्यावर!

नेमका त्याच सकाळी माझा मेहुणा दगडू औंढ्याहून आला. तो मळवलीस एका मुंबईच्या शेठच्या बंगल्याची राखण करतो. शेठ परदेशी गेलेला, सबब शेठचा बॅटरीवर चालणारा तबकडीबाजा आणि एक भलीमोठी तबकडी दगडूच्या काखेत. पाकिटावर एका बाईचे चित्र होते. डोळे मिटलेले, हात आकाशाकडे, आणि मस्तकाभोवती टोपलीएवढ्या जटांची काळीभोर प्रभावळ! खाली इंग्रजी अक्षरे. मी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर जुळवून वाचले : सोल अँड फंक डान्स पार्टी.

"सोल म्हणजे आत्मा!" मी उद्गारलो. "दगडू, ही भजनाची तबकडी आहे!"

"दाजी, भजनाची वाटत न्हाई वो. शेठचं पाव्हनं ही लावून हिरवळीवर लोळत्यात."

"लोळतात? अरे, हीच ती समाधी!"

"आन् सोल बुटाला असतंय. शेठचं बूट मीच नेतो की सोल ठोकायला."

"बुटाच्या तळव्यावर कोणी गाणे रचील काय? डोके वापर!"

"अवं, पन त्यात डान्स लिवलंय म्हन्ता न्हवं?" आतून आमच्या सौभाग्यवतींनी शंका काढली.

"मग नटराज काय एका पायावर उभा राहून झोपा काढतो?" मी विचारले. स्वयंपाकघर गप्प झाले. (माझ्या युक्तिवादापुढे गप्प झाले, असे मी त्या वेळी धरून चाललो.)

राहिला 'फंक'. हा शब्द कचेरीत कधी आला नव्हता. पण फंक आणि फुंक यांत फरक तो केवढासा! फुंक, फुंकर, म्हणजेच प्राणायाम. विलायती लोकांनी आपलाच शब्द उचलून नेला, याचे मला किंचित वाईटही वाटले.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला, चिक्की फिरली. आत्या देव्हाऱ्याकडे बारकाईने बघत होत्या. आबांनी खिशातून सुपारी काढून पाटावर ठेवली. आता ती फोडायची एवढेच उरले. पण गप्प बसलो असतो तर मी अर्जनवीस कसला?

"मंडळी," मी उभा राहिलो, "या शुभकार्यापूर्वी आपणांस विलायतेतील भजन ऐकविण्याची अनुज्ञा असावी. विषय : आत्मा, श्वासाची फुंकर आणि नृत्य. शेवटचा शब्द आहे पार्टी. पार्टी म्हणजे पक्षकार. जीव हा वादी, परमेश्वर हा प्रतिवादी!"

आबांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. आत्यांनी पदर डोईवर घेतला. "लय शिकल्यालं घर हाय," त्या आबांच्या कानात म्हणाल्या. मी दगडूस खूण केली.

प्रथम नुसते 'ढुम... ढुम-ढुम' असे आले. मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या. आबांनी मान डोलावली. "पकवाज बरा हाय. जरा उतरल्याला हाय, पन बरा हाय."

आणि मग बुवांनी तोंड उघडले.

"आऽऽऽऊ!"

आबांच्या हातची बशी धोतरावर! आत्या जागच्या जागी वीतभर उडाल्या! कपबशा घेऊन आत निघालेली आमची सौभाग्यवती उंबऱ्यातच भिंतीला टेकली. मी स्वतः खाली कसा बसलो ते मला आजतागायत सांगता आलेले नाही. बुवा थांबेनात! कधी कण्हत, कधी खेकसत, मध्येच रडकुंडीला येऊन कुणाची तरी विनवणी करत, आणि पुन्हा "आऽऽऊ!"

आळीतली माणसे दारात जमली. मी एकाचेही मत मागितले नव्हते.

"दाढ उपटत्यात जनू कुनाची," शेजारचा दूधवाला म्हणाला.

"छे, दाढ नव्हे. पोटात कळ आहे," समोरचे चिक्कीवाले म्हणाले. "ओवा द्या त्याला!"

"ठेका मातुर आपल्या घाटातल्या इंजिनाचा हाय," रेल्वेतला एक पॉइंट्समन कौतुकाने म्हणाला. "मालगाडी वर ढकलताना आसाच बोलतंय त्ये."

"अर्जनवीस," आबा धोतर झटकीत म्हणाले, "पकवाज सोडतो का त्यो ठेका? सोडत न्हाई. टाळ बी चोख हाय. पन बुवान्ला मागनं कोन चिमटं काडतंय?"

"ती... ती आर्तता आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

दत्तूचा उजवा गुडघा मात्र आपणहून हलू लागला होता आणि तो दोन्ही हातांनी दाबून धरीत होता.

इतक्यात गाणे पालटले. आता बाई गाऊ लागली (जटावाली तीच असावी). तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून आत्या ताडकन उठल्या.

"गेनू! आरं, वारं आलंय हिच्या अंगात! भजन न्हवं ह्ये, देवी बोलतीया! हळद-कुक्कू आना!"

"आत्याबाय, शेठची ताटली हाय वो ती!" दगडू कळवळला.

पण आत्यांनी देव्हाऱ्यातला करंडा उचलला आणि फिरत्या तबकडीवर हळदीकुंकवाची मूठभर उधळण केली. हात जोडून बाजापुढे बसल्या. "माय, चुकलं-माकलं पोटात घाल. ह्या घरात सोयरीक करू का नगं, तेवडं सांग!"

सुई हळदीत रुतली. बाई एकाच शब्दावर अडकली.

"नो! नो! नो! नो!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आत उंबऱ्याशी सुमन उभी होती, तिचा चेहरा पार उतरलेला.

"अर्जनवीस," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "इंग्रजीत काय म्हन्ती ती?"

माझ्या सर्व हयातीतील विद्वत्ता मी गोळा केली. "दाव्याच्या कागदावर 'नो' लिहितात आणि पुढे आकडा घालतात," मी घाम पुशीत म्हणालो. "नो म्हणजे नंबर! नंबर एक, नंबर एक! सोयरीक एक नंबर आहे, असे देवी पुनःपुन्हा..."

"नो म्हंजी न्हाई," दत्तू म्हणाला.

"काय?"

"न्हाई. म्या रजा मागितली का आमचा फोरमन ह्येच म्हनतो."

आबांनी पाटावरची सुपारी उचलली आणि सावकाश खिशात घातली. आमच्या सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. "नो! नो! नो!" बाई म्हणतच होती, आणि हो, यंत्र कसे थांबवावे हे दगडूला भीतीने आठवत नव्हते!

तेव्हा सुमन बाहेर आली. खाली वाकली, बाजाची सुईवाली नळी दोन बोटांनी उचलली आणि बाजूला ठेवली. बाई गप्प! सुमनने तबकडी पदराने पुसली.

"आत्या, सुई अडाकली हुती हळदीत," ती म्हणाली. "बसा तुमी. च्या सांडला, दुसरा टाकते."

आत्यांनी तिचे एक अक्षर ऐकले नव्हते. त्या तिच्या दोन बोटांकडे बघत होत्या.

"गेनू," त्या आबांचा दंड धरून म्हणाल्या, "बगितलंस का? आपल्या धाकट्या भनीच्या अंगात आलं तवा गाव गोळा झालं, लिंबं कापली, धूप जाळला. उतरलं का? हिनं दोन बोटांनी उतरिवलं! हात न्हाई कापला पोरीचा! काड ती सुपारी."

"आक्का, पन देवी न्हाई म्हनली न्हवं?"

"ती ह्या पोरीला भ्यालीया, म्हनून न्हाई म्हनली! काड!"

आबांनी सुपारी काढली. दत्तूने ती स्वतः फोडली, एकाच घावात, आणि हळूच सुमनला विचारले, "दुसऱ्या अंगाला काय हाय वो ताटलीच्या?" सुमन हसली आणि चहा टाकायला गेली.

निघताना आबांनी मला दारात बाजूला घेतले. "अर्जनवीस, पोरगी आमची झाली. हुंडा नगं, मानपान नगं. येकच मागनं हाय."

"आज्ञा करावी."

"लगीन लागंपोतर तुमी कशाचाबी अर्थ सांगू नगा."

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. लग्नात अंतरपाट धरला गेला, भटजींनी मला मान दिला, आणि पहिले मंगलाष्टक मी असा खडा सूर लावून म्हटले की मांडव दणाणला. ते संपवून दुसऱ्यासाठी मी दम घ्यायला थांबलो, तोच मांडवाच्या त्या टोकाहून आबा घाबरून ओरडले, "आरं, आता ह्यो अर्थ सांगनार! वाजवा रं, वाजवा!" ताशे कडाडले, अक्षता उधळल्या, अंतरपाट खाली आला; आणि अशा रीतीने, तालुक्यात प्रथमच, एका मुलीचे लग्न तिच्या बापाच्या धाकाने एकाच मंगलाष्टकात लागले.